अप-डाउन हा प्रवास नव्हे

बाबा निवृत्त झाले ते वर्ष २०१०. त्या वर्षी आमच्या घरात 'कम्युटेशन' हा शब्द चहाइतका रोजचा झाला होता. जिल्हा परिषदेच्या शाळेतली नोकरी, त्यामुळे कागद मराठीत येत आणि त्यांवर लिहिलेले असे, 'निवृत्तिवेतनाचे अंशराशीकरण'. हा शब्द कुणी तोंडाने उच्चारल्याचे मला आठवत नाही. बोलताना सगळे 'पेन्शन विकली' म्हणत. पेन्शनचा जास्तीत जास्त ४० टक्के भाग सरकारला विकायचा, बदल्यात एकरकमी पैसे घ्यायचे. पंधरा वर्षांनी तो भाग पुन्हा सुरू होतो. बाबांनी विकली. त्या पैशांत कौले उतरून स्लॅब घातला आणि बहिणीचे लग्न झाले.

त्याच दिवसांत न्यू जर्सीतला मावसभाऊ फोनवर म्हणाला, "माझा कम्यूट दीड तासाचा आहे रे, वैताग येतो." मी तेव्हा डोंबिवलीहून फोर्टात जायचो. माझाही दीड तासच मोडायचा, पण आपल्यालाही असा काही 'कम्यूट' आहे हे मला ठाऊक नव्हते. मी आपला ऑफिसला जायचो. बाबांची विकलेली पेन्शन आणि भावाचा दीड तास हा मुळात एकच शब्द आहे, हे कळायला पुढे बरीच वर्षे गेली. कळले तेव्हापासून आपल्या भाषेतली एक रिकामी जागा मला खुपते आहे.

शब्द मूळचा लॅटिन. 'मुतारे' म्हणजे बदलणे. तलाठी सातबाऱ्यावर फेरफार घेतो त्याला इंग्रजी कागदात म्युटेशन म्हणतात, ते याच घराण्यातले. त्यामागे 'कोम्' लागला की एकाच्या बदली दुसरे, असा अर्थ होतो. राष्ट्रपती फाशीची जन्मठेप करू शकतात, त्या अधिकारासाठी घटनेच्या ७२ व्या कलमात इंग्रजीत हेच क्रियापद आहे: मोठ्या शिक्षेच्या बदली लहान शिक्षा. पेन्शनीत महिन्याच्या रकमेच्या बदली एकरकमी रक्कम. आणि १८४० च्या दशकात अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांनी मोठ्या शहरांच्या आसपास राहून रोज शहरात कामाला येणाऱ्यांसाठी एक नवे तिकीट काढले. रोजच्या सुट्या भाड्याच्या बदली एकदम एक रक्कम भरा. ती सगळ्या भाड्यांच्या बेरजेपेक्षा कमी असेल. त्याचे नाव 'कम्युटेशन तिकीट'. ते ज्याच्या खिशात तो 'कम्यूटर'. तो रोज जे करतो ते 'कम्यूट करणे', हा अर्थ त्यानंतर काही दशकांनी चिकटला.

म्हणजे हा शब्द जन्मला तिकिटाच्या खिडकीवर. त्याच्या पोटात एक सौदा आहे. रेल्वे म्हणते, तू रोज येणार हे मला माहीत आहे, मी तुझ्याकडून कमी घेईन. शहराला माणसे हवी होती, रेल्वेला बांधलेले गिऱ्हाईक हवे होते, आणि कारकुनाला मोकळ्या हवेतले स्वस्त घर. तिघांचा हिशेब त्या पुठ्ठ्याच्या तुकड्यावर मिटला.

हा सौदा आपल्याकडेही आहेच, फक्त त्याचे नाव 'पास'. लोकलच्या दुसऱ्या वर्गाचा महिन्याचा पास साधारण पंधरा एकेरी फेऱ्यांच्या भाड्यात मिळतो. महिन्याचे पंचवीस दिवस कामावर जाणारा पन्नास फेऱ्या करतो. तीन महिन्यांचा घेतला तर तिपटीऐवजी २.७ पट पैसे. एसटीचा मासिक पास वीस दिवसांच्या भाड्यात तीस दिवस चालतो. जून २०१४ मध्ये रेल्वेने भाडेवाढ करताना पासाचा हिशेब पंधराऐवजी तीस फेऱ्यांवर न्यायचा ठरवला होता, म्हणजे काहींचा पास जवळजवळ दुप्पट झाला असता. मुंबईत असा भडका उडाला की चार दिवसांत पुन्हा पंधरावर यावे लागले. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती हे खरे. पण त्या चार दिवसांत सौदा मोडल्याचा राग लोकांना आला होता, भाडे वाढल्याचा तेवढा नव्हता. मी त्या वेळी डब्यात होतो. "वाढवा की, पण पास कसा काय वाढवता?" असे एक गृहस्थ म्हणाले आणि सगळ्यांना ते बरोबर वाटले.

सौदा आहे, राग आहे, पासही आहे. पण तो करणाऱ्या माणसाला आपण म्हणतो 'प्रवासी'. खटकते ते इथेच.

'प्रवास' हा शब्द नीट उलगडून पाहा. 'वस्' म्हणजे राहणे, 'प्र' म्हणजे इथे दूर, बाहेर. घर सोडून परमुलखात राहणे तो प्रवास. जुन्या काव्यशास्त्रात ज्या नायिकेचा नवरा परगावी गेलेला असतो ती प्रोषितभर्तृका. त्यातला 'प्रोषित' याच धातूचा. हिंदीने हा अर्थ अजून सांभाळला आहे. ९ जानेवारीला 'प्रवासी भारतीय दिवस' असतो तो परदेशी स्थायिक झालेल्यांचा, आणि २०२० च्या टाळेबंदीत पायी निघालेल्यांना हिंदी वाहिन्या 'प्रवासी मज़दूर' म्हणत होत्या, तेव्हा आपण 'स्थलांतरित' म्हणत होतो. गाडीत बसणाऱ्यासाठी हिंदीकडे 'यात्री' आहे. आपल्याकडे यात्रा म्हणजे देवाची, जत्रेची, त्यामुळे आगगाडी आली तशी सगळी माणसे आपण 'प्रवासी' या एकाच पोत्यात भरली. काशीला निघालेली आजी प्रवासी, हनिमूनला माथेरानला निघालेले जोडपे प्रवासी आणि ७.४२ ची कर्जत फास्ट पकडणारी नर्सही प्रवासी.

पण ती नर्स रात्री घरीच झोपते. दूर राहावे लागू नये म्हणून तर ती रोज येते-जाते. ज्या शब्दाचा अर्थ 'घरापासून दूर वस्ती', तो आपण नेमका संध्याकाळी घरी परतणाऱ्याला लावला.

शब्दांचे मूळ कुठे असते आणि ते कुठे जातात, यावरून भांडू नये हे मला कळते. 'प्रवास'चा अर्थ शेकडो वर्षांत बदलला, तसे बदलणारच. माझी तक्रार अर्थ बदलल्याची नाही, दोन गोष्टींना एकच नाव राहिल्याची आहे. प्रवास हा माणसाच्या मर्जीचा असतो. तो कुठे, कधी, किती हे त्याचे त्याने ठरवायचे. त्यामुळे प्रवासात त्रास झाला तर "सांभाळून जायचे ना" असे म्हणता येते. स्थानकावरच्या घोषणा ऐका: प्रवाशांनी दारात उभे राहू नये, प्रवाशांनी धावती गाडी पकडू नये. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात लटकलेली माणसे खाली पडून मेली, तेव्हाही पहिली चर्चा ती दारात का उभी होती याचीच झाली. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर बहुतेक वर्षी दोन हजारांहून जास्त माणसे मरतात. हे सगळे 'प्रवासी' राहतात तोवर तो दोन हजार जणांचा वेगवेगळा निष्काळजीपणा असतो.

मराठीत अशा शब्दांची गरिबी आहे असे कुणी समजू नये. उलट येण्या-जाण्यासाठी आपल्याकडे शब्दांची चंगळ आहे. गंमत म्हणजे ते जवळजवळ सगळे फुकट जाणाऱ्या येण्या-जाण्याचे आहेत. तहसील कचेरीत खेटे घालतात, बँकेत चकरा मारतात, दवाखान्यात हेलपाटे पडतात, कोर्टाच्या वाऱ्या होतात आणि बाळंतिणीच्या खोलीबाहेर येरझारा. एखाद्या परक्याने नुसता हा शब्दसंग्रह वाचला तर या लोकांचे राज्य कसे चालते हे त्याला कळून जाईल. यातला एकच शब्द कामाचा, तो 'खेप'. खेप म्हणजे फेरी, आणि त्या फेरीत वाहिलेले ओझेही. बायका पाण्याच्या खेपा घालतात. किती वेळ गेला, किती वजन वाहिले, दोन्ही त्या एका शब्दात मोजले जाते. आपल्याकडच्या सगळ्यात जुन्या रोजच्या फेरीला असे अचूक नाव आहे आणि तिची मजुरी आजवर कुणी दिलेली नाही.

कुणीतरी म्हणेल, मग 'वारी' आहे की! वार म्हणजे पाळी, पुन्हापुन्हा येणारी वेळ. वारंवार मधला तोच. नेमाने जाणे-येणे ती वारी. अर्थाने अगदी फिट्ट. लोकलमध्ये सकाळी टाळ-मृदंगावर भजन धरणारी मंडळी पाहिली की 'मुंबईकरांची वारी' असा मथळा वृत्तपत्राला सुचतोच. मला तो मथळा आवडत नाही. वारीत चालणे हेच फळ असते. पंढरपूर जवळ आल्याचे थोडे वाईट वाटणारे वारकरी मी पाहिले आहेत. कुर्ला लवकर आले म्हणून हळहळणारा माणूस मी पाहिलेला नाही. रोजच्या कोंबाकोंबीला वारी म्हटले की ती सोसणे पुण्यकर्म होते, आणि पुण्यकर्माबद्दल कुणाकडे बिल पाठवता येत नाही. भजनवाले भजन करतात ते त्या दीड तासात माणूस म्हणून जगता यावे म्हणून. त्याबद्दल रेल्वेने श्रेय घेऊ नये आणि आपणही भाबडेपणाने ते देऊ नये.

मग उरतो तो शब्द जो लोक खरोखर बोलतात: अप-डाउन. "कुठे असतोस?" "राहतो नाशिकला, अप-डाउन करतो." यात सगळे आले. रेल्वेच्या भाषेत मुख्य ठाण्याकडे जाणारी ती अप आणि तिथून लांब जाणारी ती डाउन. सकाळी आपण वर जातो, संध्याकाळी खाली; घर नेहमी डाउनलाच असते. सत्ता कुठे आहे आणि माणूस कुठे, हे इंग्रजांनी रुळांवर लिहून ठेवले आणि आपण ते जसेच्या तसे उचलले. पण उचलून आपले केले. जिथे रूळ नाहीत, जिथे फक्त एसटीचा फाटा आहे, तिथेही लोक अप-डाउन करतात. डोंबिवलीकर तर सकाळी जागा मिळावी म्हणून उलटे कल्याणला जातात आणि त्याच गाडीत बसून परत येतात, त्याला 'डाउन करून येणे' म्हणतात. इतका राबता शब्द असून तो शब्दकोशात पाहुणा आणि सरकारी अर्जात अस्पृश्य. वृत्तपत्राचा संपादकही त्याला अवतरणचिन्हांत बसवतो.

जर्मनांनी यासाठी लंबकावरून शब्द केला, 'पेंडलर'. बेल्जियमची फ्रेंच बोलणारी माणसे म्हणतात 'नावेतर', त्यातला 'नावेत' म्हणजे विणकराचा धोटा. इचलकरंजीत कुणाला हे सांगितले तर त्याला अधिक समजावावे लागणार नाही. पण या देशांत शब्दाबरोबर हिशेबही आला. जर्मनीत घर ते काम या अंतराच्या प्रत्येक किलोमीटरमागे ठरावीक रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा होते. फ्रान्समध्ये कामगाराच्या सार्वजनिक वाहतुकीच्या पासाचा निम्मा खर्च मालकाने द्यायचा असा कायदा आहे. आपल्याकडे पगारदारांना वाहतूक भत्त्यावर महिन्याला १,६०० रुपयांची करसवलत होती. २०१८ च्या अर्थसंकल्पाने अपंग कर्मचारी सोडून बाकीच्यांची ती काढली आणि वैद्यकीय खर्चाच्या सवलतीसह ४०,००० रुपयांच्या प्रमाणित वजावटीत विरघळवून टाकली. हिशेबाने फार कुणाचे नुकसान झाले नसेल. पण घरापासून कामापर्यंत जाण्याला खर्च येतो, हे जिथे लिहिलेले होते ती ओळ पुसली गेली.

'अप-डाउन' या शब्दाचे सगळ्यात दु:खद काम मात्र खेड्यांत दिसते. मुंबईत अप-डाउन करणारा कौतुकाचा विषय. पाऊस पडला, गाड्या बंद पडल्या, तरी रुळांवरून चालत ऑफिस गाठले की 'मुंबईचे स्पिरिट'. तीच कृती शिक्षकाने, ग्रामसेवकाने, तलाठ्याने केली की गुन्हा. त्याने 'मुख्यालयी', म्हणजे नेमणुकीच्या गावातच, राहायचे असते. "गुरुजी अप-डाउन करतात" हे वाक्य गावात तक्रारीच्या सुरातच म्हटले जाते. २०२२ मध्ये गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी शिक्षक मुख्यालयी न राहता घरभाडे भत्ता घेतात हा मुद्दा विधानसभेत काढला आणि राज्यभर शिक्षक खवळले. मला त्या वादात दोन्ही बाजूंचे थोडेथोडे पटले होते. रात्री गावात साप चावला तर आरोग्यसेविका तिथे असायला हवी, यात वाद नाही. पण चौथीपर्यंतच्या शाळेचा मास्तर सकाळी वेळेवर येऊन पाचला गेला तर गावाचे काय बिघडते? गावात भाड्याने खोली नसते, असली तर संडास नसतो, बायकोची नोकरी तालुक्याला, मुलांची शाळा तालुक्याला.

खोट आहे ती कागदात. कागद विचारतो: मुख्यालयी राहता का? राहतो किंवा राहत नाही. 'अप-डाउन करतो' असा रकानाच नाही. म्हणून हजारो माणसे दरवर्षी राहत असल्याचा दाखला जोडतात, देणाऱ्याला तो खोटा आहे हे माहीत असते, घेणाऱ्यालाही, आणि फाइल पुढे जाते. ज्या गोष्टीला सरकारदरबारी नाव नाही ती करणाऱ्याला खोटे बोलावे लागते. आमच्या बाबांनी सरळ मार्गाने आयुष्य काढले, कुणाचा चहा फुकट घेतला नाही. पण तो दाखला तेही दरवर्षी जोडत होते.

आता कायद्याकडे येतो, कारण शब्द नसला तर काय होते आणि आला तर काय होते याचा चोख पुरावा तिथे आहे. पोरबंदरजवळच्या मिठागरातले कामगार काम आटोपून घरी जायला खाडी ओलांडत होते. नाव उलटली, काही जण बुडाले. भरपाईचा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९५८ मध्ये न्यायालयाने नाही म्हटले. कारण असे दिले की कामगार सार्वजनिक रस्त्यावर किंवा सार्वजनिक वाहनात असतो तेव्हा तो तिथे जनतेतला इतर कोणीही असतो तसाच असतो. म्हणजे आपल्या भाषेत, प्रवासी. पुढे १९६३ मध्ये बेस्टच्या एका बसचालकाचा खटला आला. ड्यूटी संपवून तो बेस्टच्याच दुसऱ्या बसने घरी निघाला होता, अपघातात गेला. तिथे न्यायालयाने विधवेच्या बाजूने निकाल दिला, पण का? तर चालकांना बसमधून फुकट जाऊ देणे हा त्यांच्या सेवेचाच भाग होता. सवलत बेस्टची, बस बेस्टची, म्हणून वाट कामाची. बाकीच्यांची वाट अजून त्यांची त्यांनीच चालायची होती.

मग २०१० मध्ये कर्मचारी राज्य विमा कायद्यात एक कलम घातले गेले. घरून कामाला जाताना किंवा कामावरून घरी येताना झालेला अपघात, वेळ-जागा-परिस्थितीचा कामाशी संबंध दिसला तर, कामाच्या ओघातलाच मानावा. इंग्रजी मसुद्यात तिथे शब्द आहे 'कम्यूटिंग'. तिकीट-खिडकीवर जन्मलेला शब्द अखेर आपल्या कायद्यात शिरला. आणि त्याचा उपयोग झाला तो आपल्याच धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाला. साखर कारखान्याचा रखवालदार. पहाटे ३ ते सकाळी ११ अशी पाळी. २२ एप्रिल २००३ रोजी पहाटेच्या पाळीसाठी मोटरसायकलने निघालेला असताना कारखाना सुमारे पाच किलोमीटरवर राहिला होता, तिथे अपघात होऊन गेला. कामगार भरपाईचा आदेश आधी त्याच्या घरच्यांच्या बाजूने झाला, मुंबई उच्च न्यायालयात तो उलटला, आणि २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उभा केला. न्यायालयाने २०१० च्या त्या कलमाचाच आधार घेतला आणि जुन्या कामगार भरपाई कायद्यालाही तोच अर्थ लावला. पहाटे तीनच्या पाळीला माणूस हौसेने फिरायला निघत नाही, हे मान्य व्हायला बावीस वर्षे लागली. त्यानंतर २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तसेच कलम आहे.

ठीक झाले. पण या सगळ्याचा अर्थ असा होतो की ती पाच किलोमीटरची वाट कामाची ठरली ती माणूस मेल्यामुळे. तो रोज जिवंत पोहोचत होता तोवर ती त्याची खासगी बाब होती. मला हे तर्कात बसवता येत नाही. वाट एकच, वेळ तीच, कारण तेच. फक्त शेवट वेगळा. सरकारच्या सांख्यिकी खात्याला हे केव्हाच कळले आहे. २०१९ आणि २०२४ मध्ये देशभर वेळ-वापराची पाहणी झाली, तिच्या वर्गीकरणात कामाला जाणे-येणे हे रोजगाराशी संबंधित कामांच्या गटात मोडते. विश्रांतीत नाही, स्वतःच्या देखभालीतही नाही. २०११ च्या जनगणनेने कामाचे ठिकाण किती लांब आणि तिथे कशाने जाता, हे विचारले होते. येत्या जनगणनेत 'किती वेळ लागतो' हेही विचारावे, कारण मुंबईत आणि पुण्यात आता अंतराला अर्थ उरलेला नाही. हडपसर ते हिंजवडी किती किलोमीटर ते तिथला कुणी सांगत नाही, किती वाजता निघालास ते विचारतो.

यावर एक आक्षेप येतो आणि तो पोकळ नाही. जाण्या-येण्याचा खर्च मालकावर टाकला तर मालक जवळ राहणाऱ्यालाच नोकरी देईल. करसवलत दिली तर लोक आणखी लांब घरे घेतील, शहर पसरत जाईल. जर्मनीत हा वाद अनेक वर्षे चालू आहे. पण तो आक्षेप घेणारा असे धरून चालतो की अंतर माणसाने निवडलेले असते. गिरणगावाचे उदाहरण घ्या. लालबाग-परळचा कामगार भोंगा झाला की चाळीतून निघून चालत गिरणीत जायचा. त्याला पास लागत नव्हता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, गिरण्या पुन्हा नीट सुरू झाल्याच नाहीत, जमिनींवर मॉल आणि काचेची ऑफिसे उभी राहिली. चाळीतली माणसे नालासोपारा, बदलापूर, कर्जतकडे गेली. त्यांचीच मुले आता त्याच परळला, त्याच जमिनीवरच्या ऑफिसात, दीड-दोन तास लोकलने येतात. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगरून २३ माणसे गेली. तो पूल चालत येणाऱ्यांच्या काळातला होता. आणि जुलै २०२५ मध्ये म्हातारे गिरणी कामगार आझाद मैदानात बसले ते याचसाठी, की सरकारने देऊ केलेली घरे बदलापूरच्याही पुढे, शेलू आणि वांगणीला होती. जागेचा भाव परळचा, आणि ज्याने परळ उभे केले त्याला डाउनची शेवटची गाडी. यात त्या माणसाने काय निवडले?

म्हणून माझी मागणी अगदी लहान आहे. सरकारी अर्जात, सेवापुस्तकात, रेल्वेच्या घोषणेत, वृत्तपत्राच्या बातमीत रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला प्रवासी म्हणणे थांबवा. 'नित्यप्रवासी' असले संस्कृत शेपूटही नको. त्याने आतला घोटाळा तसाच राहतो, आणि 'अंशराशीकरणा'ची गत काय झाली ते आपण पाहिलेच. लोकांनी केलेला शब्द आहे, तोच घ्या. रकाना असू द्या: अप-डाउन, किती किलोमीटर, किती वेळ. एकदा हा आकडा कागदावर आला की त्याचे काय करायचे, भत्ता द्यायचा, कामाचे तास बदलायचे, की ऑफिसेच डाउनला न्यायची, यावर भांडता येईल. आज भांडायलाही आकडा नाही. शब्द बदलून गर्दी कमी होत नाही, हे मला कुणी सांगू नये. मी विसाव्या वर्षापासून लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथ्या सीटवर अर्धा बसतो आहे. आणि सरकारला शब्द बदलायला जमत नाही असेही नाही. २०२५ च्या गणपतीआधी 'चाकरमानी'त कमीपणा वाटतो म्हणून त्याऐवजी 'कोकणवासी' म्हणायचे सरकारने ठरवलेच की. मला 'चाकरमानी' आवडायचा. त्यात निदान माणूस कामाला गेला आहे एवढे तरी लिहिलेले होते.

बाबांची विकलेली पेन्शन मागच्या वर्षी पंधरा वर्षे भरून पुन्हा सुरू झाली. त्या दिवशी बँकेतून पासबुक भरून येताना ते खुशीत होते. शाळेच्या गावाचा फाटा लागला तेव्हा त्यांनी मला रिक्षा थांबवायला लावली आणि हिशेब घातला. एका बाजूचे बावीस किलोमीटर, जाऊन-येऊन चव्वेचाळीस, शाळेचे सव्वादोनशे दिवस, एकोणीस वर्षे. "कर बरं." मी मोबाइलवर गुणाकार केला. एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार शंभर.

बाबा फाट्याकडे बघत म्हणाले, "आणि सेवापुस्तकात मी गावातच राहत होतो."